मॉलमध्ये गाळा घ्यायच्या आधी पार्किंगमधल्या नंबर प्लेटा मोजा (खास सोलापूरवाल्यांसाठी)

मागच्या महिन्यात मेहुण्याचा फोन आला, दाजी मॉलमध्ये गाळा मिळतोय, तळमजला, एस्केलेटरच्या समोर, टोकन देऊन टाकू का. म्हणलं थांब बे, रविवारी संध्याकाळी पाचला तिथल्या पार्किंगमध्ये भेट, येताना वही-पेन आण. त्याला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच आम्ही दोघं दोन तास तिथं उभं राहून गाड्यांचे नंबर लिहीत होतो आणि सिक्युरिटीवाला आमच्याकडं असा बघत होता की जणू आता टायरच काढून नेणार. टोकन काय दिलं नाही अजून. पण ते सगळं त्याला सांगता सांगता लक्षात आलं की हे लिहूनच ठेवावं, कारण महिन्यातून एकजण तरी विचारतोच.

मी कोण तर चाटी गल्लीत चादर-टॉवेल आणि रेडिमेडचं दुकान, अण्णांच्या काळापासूनचं. २०१२ साली मला मॉलचा ताप चढला होता, गाळा घेतला, काचेचं दार, फोकस लाइट, सगळं केलं, आणि अडीच वर्षांत गुपचूप शटर ओढून परत गल्लीत आलो. कुठला मॉल ते विचारू नका, त्यांची चूक कमी आणि माझीच जास्त होती. चूक एवढीच की गर्दी बघितली, ती गर्दी कुठून आली आणि कशासाठी आली ते नाही बघितलं. आपलं गाव म्हणजे सीमेवरचं गाव, इकडं भीमा ओलांडली की कर्नाटक, तिकडं अक्कलकोट सोडलं की कर्नाटक, विजयपूर शंभरेक किलोमीटर आणि कलबुर्गी त्याच्या थोडं पुढं. अशा गावातल्या मॉलचं गणित पुण्याच्या मॉलसारखं चालतच नाही, पण गाळा विकणारा पोरगा पुण्याचाच चार्ट दाखवतो.

तर पहिलं काम, नंबर प्लेटा. एमएच-१३ म्हणजे घरचे. एमएच-२५ धाराशिव. केए-२८ विजयपूर, केए-३२ कलबुर्गी. वहीत चार रकाने पाडा आणि दोन तासांत आत येणाऱ्या गाड्या लिहा, एक रविवार, एक मधला वार, आणि एक महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला दिवस. देवाचे दिवस मात्र टाळा. कोजागिरीच्या आसपास कर्नाटकातून तुळजापूरला जाणाऱ्यांनी अख्खं सोलापूर भरतं, गुरुवारी अक्कलकोटवाले असतात, त्यांच्या गाड्या मॉलमध्ये दिसल्या तरी ते बाथरूमला आणि आइस्क्रीमला थांबलेले असतात, तुमच्याकडून शर्ट घ्यायला नाही. मी २०१२ साली गाळा बघायला गेलो होतो तो नेमका असल्याच एका दिवशी. पार्किंग फुल, केएच्या गाड्याच गाड्या, मी खुश. पुढं काय झालं ते वर सांगितलंच.

आता केएच्या गाड्या दिसल्या तर लगेच उड्या मारू नका, एक प्रश्न विचारा: हा माणूस सीमा ओलांडून का आला? कारण सीमेवरच्या बाजाराला कायम एक कारण असतं, आणि ते कारण तुमच्या हातात नसतं.

जगात हे लय ठिकाणी झालंय. अमेरिकेत कॅनडाच्या सीमेजवळ बेलिंगहॅम म्हणून गाव आहे, व्हँकुव्हरपासून तासा-दीड तासावर, तिथं १९८८ साली बेलिस फेअर नावाचा मॉल झाला, आणि तिथल्या एकूण धंद्याचा मोठा आधार म्हणजे कॅनडाचं गिऱ्हाईक. कॅनडाचा डॉलर वर गेला की पलीकडचे लोक गाड्या भरून दूध, चीज, पेट्रोल न्यायला येणार, इतके की २०१२ साली तिथल्या काही लोकांनी फेसबुकवर पेज काढलं की कॉस्टको नावाच्या मोठ्या दुकानात अमेरिकनांसाठी वेगळी वेळ ठेवा, कॅनडावाल्यांमुळं दूधच मिळत नाही. म्हणजे गिऱ्हाईक जास्त झालं म्हणून भांडण, बघा. आणि पुढं चारेक वर्षांत, २०१६ च्या जानेवारीत, तोच कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या सत्तर सेंटच्या खाली गेला. मग कोण कशाला येतंय. त्यानंतर मार्च २०२० ला कोविडमुळं रस्त्यानं येणं-जाणं बंद झालं ते साध्या खरेदीवाल्यांना अमेरिकेनं नोव्हेंबर २०२१ मध्येच परत येऊ दिलं, आणि २०२५ मध्ये टॅरिफच्या भांडणात कॅनडावाल्यांनी रागानंच जाणं कमी केलं. दक्षिणेकडं मेक्सिकोच्या बाजूला तसंच, डिसेंबर १९९४ मध्ये पेसो आपटला आणि टेक्सासच्या सीमेवरच्या दुकानदारांचं गिऱ्हाईक एका झटक्यात आटलं. दुकान तेच, माल तोच, नोकर तेच, चूक काहीच नाही. सिंगापूर-जोहोर बारूचं उलटं, तिथं सिंगापूरचा डॉलर भारी म्हणून लोक पूल ओलांडून मलेशियात खरेदीला जातात, तो पूलसुद्धा मार्च २०२० ते एप्रिल २०२२ बहुतेकांना बंदच होता.

आपल्याकडं चलन एकच, पासपोर्ट नाही, पण कारणं आहेतच. पूर्वी जकात होती, दोन राज्यांचा विक्रीकर वेगळा होता, त्यामुळं अमुक वस्तू तिकडून आणली तर स्वस्त, तमुक इकडून, हे चालायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याच वस्तूवर दोन्हीकडं तोच कर, ते कारण संपलं. पेट्रोल-डिझेल आणि दारू तेवढी जीएसटीच्या बाहेर आहे म्हणून तिथं अजून राज्याराज्यात भाव वेगळा, विजयपूरला जाणारे आपले लोक टाकळीचा पूल ओलांडून धुळखेडच्या पुढं टाकी फुल करतात ते त्याचसाठी. मॉलमध्ये पेट्रोल विकत नाहीत, सो त्याचा तुम्हाला उपयोग शून्य.

त्याहून मोठी गोष्ट बसच्या तिकिटाची झाली आणि ती कुणी धरतच नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना, बायकांना सरकारी बस फुकट, पण कर्नाटकातल्या कर्नाटकात. आपल्याकडं त्याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत बायकांना अर्ध तिकीट, पण महाराष्ट्राच्या हद्दीत. आता इंडीच्या बाईचा विचार करा. विजयपूरला जायला तिकीट शून्य, सोलापूरला यायला पैसे. आणि अक्कलकोट-बार्शी-तुळजापूरच्या बाईला सोलापूर अर्ध्यात. कपड्याची खरेदी कोण ठरवतं हे सांगायला नको. माझ्या गल्लीतल्या दुकानात इंडी-झळकीकडच्या फुटकळ खरेदीवाल्या अक्का त्या उन्हाळ्यापासून कमी झाल्या असं मला तरी जाणवलं, आणि अक्कलकोटच्या वाढल्या. सरकार बदललं, योजना बदलली की हे परत उलटं होऊ शकतं. म्हणून सीमेजवळ दुकान काढताना स्वतःला विचारायचं की पलीकडचं गिऱ्हाईक उद्या अर्ध झालं तर भाडं निघेल का. नसेल निघत तर गाळा घेऊ नका, इतकं सरळ आहे ते.

दुसरं काम पिशव्या मोजायचं. मॉलचा माणूस तुम्हाला फुटफॉल सांगेल, म्हणजे आत येणारी माणसं, आठवड्याला एवढी हजार. सोलापूरच्या मे महिन्यात, बाहेर ४३ डिग्री आणि घरात लाइट गेलेली असताना, मॉलमध्ये कोण नाही येणार हो? मी स्वतः पोरांना घेऊन जायचो, तीन तास फिरायचो, एक पॉपकॉर्न घ्यायचो आणि परत. त्या फुटफॉलमध्ये मी पण चार माणसं धरलेला आहे. म्हणून बाहेर पडायच्या दाराशी उभं राहा आणि शंभर माणसं मोजा, किती जणांच्या हातात पिशवी आहे, आणि पिशवी कुणाची आहे. किराण्याची पिशवी वेगळी लिहा, कपड्याची वेगळी, खायच्या पार्सलची वेगळी. मेहुण्याला हे करायला लावलं तर पहिल्या अर्ध्या तासात त्याच्या कपड्याच्या रकान्यात फक्त दोन रेघा होत्या, आणि त्यातली एक पिशवी बदलून घ्यायला आणलेली निघाली. तो गप्पच झाला.

मे सोडून पण मोजा. आपल्याकडं पैसा हंगामावर आहे. डिसेंबर-जानेवारीत मार्केट यार्डात कांदा येतो, पट्टी हातात पडली की शेतकरी तिथूनच बाजारात जातो, कलबुर्गीकडं तुरीचे पैसे त्याच्याच आगंमागं होतात, उसाची बिलं कारखाना देईल तेव्हा. आणि नेमकं त्याच जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते, होम मैदानावर, तिथं सगळी पब्लिक, मॉलमध्ये तेव्हा निवांत. म्हणजे लोकांच्या खिशात पैसा असतो तेव्हा ते मॉलमध्ये नसतात आणि मॉलमध्ये असतात तेव्हा खिशात नसतो, हे माझं अडीच वर्षांचं सार आहे, थोडं वाढवून सांगतोय पण लय नाही.

तिसरं, तुमचा माल मॉलमध्ये विकायचा आहे का ते बघा. हे मी सगळ्यात उशिरा शिकलो. आमच्याकडं सीमेपलीकडून येणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे लग्नाचा बस्ता. बस्ता म्हणजे दोन पाहुण्यांचे मिळून पंधरा-वीस लोक, एका क्रूझरमध्ये, टपावर सामान बांधलेलं. आता ही क्रूझर मॉलच्या बेसमेंटला आली की तिथं आडवी दांडी लावलेली असते उंचीची, पिवळी-काळी, क्रूझरचं कॅरिअर तिला अडकतं. माझ्यासमोर झालंय. ड्रायव्हर म्हणतोय जातंय, सिक्युरिटी म्हणतोय जात नाही, मागं गाड्यांची लाइन, हॉर्न, शेवटी ती क्रूझर मागं घेतली आणि ते लोक थेट चाटी गल्लीत गेले, बहुतेक अण्णांच्याच दुकानात.

आणि आत आले तरी काय. बस्त्याला गादी लागते, खाली बसायला, साड्या अंगावर टाकून बघायला, मध्ये चहा, कुणीतरी रुसणार, त्याला समजावायला जागा, भाव करायला दीड तास. मॉलमध्ये सगळं हँगरला, भाव छापील, आणि बसायला एक गोल स्टूल. एकदा एक आजी, इरकल नेसलेल्या, हातात तांब्या घातलेली पिशवी, एस्केलेटरच्या पायथ्याशी येऊन थांबल्या. पायऱ्या खालून निघतायत, वर जातायत, आजी एक पाय पुढं करतात, परत मागं घेतात, पुढं करतात, मागं घेतात. सून वर पोचलेली, वरून कन्नडमध्ये ओरडतेय बर्री, बर्री अत्ती (या, या सासूबाई) म्हणून. शेवटी आजी तिथंच खाली फरशीवर बसल्या. सून परत आली आणि सगळे गेले. मी माझ्या काचेतून हे बघत होतो, पहिल्या मजल्यावर गाळा होता माझा. लिफ्ट होती हो, पण मागं, बाथरूमच्या बोळात.

म्हणून: बस्ता, साडी, चादर-टॉवेलचा ठोक माल, भांडी, हे मॉलमध्ये नेऊ नका. मोबाइलचं सामान, लहान पोरांचे कपडे-खेळणी, चष्मा, खायचं, पार्लर, हे चालतं, कारण हे घरचं एमएच-१३ गिऱ्हाईक आहे, पोरांना फिरवायला आणलंय आणि जाता जाता घेतंय. चादरीत फक्त एक गोष्ट चालते, गिफ्टची. बाहेरगावचा माणूस सोलापुरी चादर एकच घेणार, चांगल्या पॅकिंगमध्ये, त्याला गाळा नको, छोटा स्टॉल पुरे.

चौथं, मोठं दुकान कुठलं आहे आणि ते किती दिवस राहणार. मॉलच्या भाषेत त्याला अँकर म्हणतात, लोक त्याच्यासाठी येतात आणि आपण त्याच्या वाटेवर बसतो. अँकर गेला की आपण वाळवंटात. देशभर बिग बझारच्या भरवशावर किती जणांनी गाळे घेतले होते, २००१ पासून चाललेली चेन, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये भाड्याच्या थकबाकीतून रिलायन्सनं एकामागोमाग दुकानं ताब्यात घेतली, पाट्या उतरल्या, काही दिवस दारं बंद. शेजारच्या छोट्या दुकानदाराला कोण विचारतंय त्यात. उलट डीमार्टचं बघा, दमाणींनी २००२ साली पवईत सुरू केलं तेव्हापासून त्यांचा कल जागा विकत घेऊनच दुकान काढायचा, म्हणून भाडेवाढीनं ते उठत नाहीत. तर विचारायचं की अँकरची जागा स्वतःची का भाड्याची, भाड्याची असेल तर करार किती वर्ष बाकी. थिएटर असेल तर किती स्क्रीन खरंच चालू आहेत, बुधवारी दुपारी जाऊन बघा.

पाचवं, पैसे. इथं घाई करू नका, कागद घेऊन बसा. समजा तुम्हाला सांगितलं पाचशे फूट, साठ रुपये फूट. पहिलं विचारा कार्पेट किती. पाचशे सुपर बिल्टअप म्हणजे पायाखाली कधीकधी तीनशेच असतात, बाकी जिने, बोळ, आणि ते कारंजं. भाडं मात्र पाचशेवर, म्हणजे ३०,०००. वर मेंटेनन्स, त्याला ते कॅम म्हणतात, पंधरा रुपये फूट धरा, ७,५००. दोन्हीवर १८ टक्के जीएसटी, ६,७५०. झाले ४४,२५०. लाइट बिल, काचेच्या दुकानात दिवे बंद ठेवून चालत नाही, ९,०००. दोन पोरं कामाला, २४,०००. बेरीज ७७,२५०. आता तुमचा मार्जिन पंचवीस टक्के असेल तर हे निघायलाच महिन्याला ३,०९,००० चा गल्ला पाहिजे, दिवसाला १०,३००. सरासरी बिल सहाशेचं धरलं तर रोज अठरा बिलं, एकही दिवस न चुकता, आणि त्यात तुमचा स्वतःचा पगार शून्य, डिपॉझिटचं व्याज शून्य, फर्निचर शून्य. आता परत पिशव्यांची वही काढा आणि बघा अठरा होतायत का. जीएसटीचं क्रेडिट मिळतं की असं कुणीतरी म्हणेल, मिळतं, पण कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या ठोक कराच्या योजनेत असाल तर नाही मिळत, ते पैसे गेलेच.

कराराचं थोडक्यात सांगतो. लीव्ह अँड लायसन्स असेल तर रजिस्टर करा, महाराष्ट्रात कायद्यानं करावाच लागतो, स्टँप ड्युटी साठ महिन्यांपर्यंत ०.२५ टक्के आहे, फार नाही. लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत करार मोडता येत नाही, तो दोन्ही बाजूंनी सारखा मागा, बहुतेक वेळा तो फक्त आपल्यालाच असतो. मिनिमम गॅरंटी (ठरलेलं भाडं) का गल्ल्यावर टक्का असं विचारलं तर सुरुवातीला टक्काच मागा, मॉलला स्वतःच्या गर्दीवर एवढा विश्वास आहे ना, मग घ्या वाटा. आणि एक कलम हट्टानं घाला: अँकर बंद पडला किंवा निम्मे गाळे रिकामे झाले तर भाडं अर्ध, आणि तीन महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर पडायची मुभा. नव्या मॉलमध्ये हे ऐकून हसतील, पडत्या मॉलमध्ये लगेच सही करतील, त्यांच्या चेहऱ्यावरूनच मॉलची तब्येत कळते.

आणि पडत्या मॉलवरून आठवलं, खरा चान्स आता तिथंच आहे असं माझं मत झालंय. नाइट फ्रँक या जागांच्या सल्लागार कंपनीच्या पाहणीत २०२३ साली देशातल्या आठ मोठ्या शहरांत ६४ भूत मॉल निघाले होते, म्हणजे ज्यांच्यात चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिकामी, आणि आदल्या वर्षी ते ५७ होते. मुंबईत हाजीअलीला क्रॉसरोड्स, १९९९ चा, देशातल्या पहिल्या मॉलांपैकी एक, सुरुवातीला आत जायला मोबाइल नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवायला लागायचं म्हणे, तो पण पुढं टिकला नाही. पण इमारत तर राहते, पार्किंग, लिफ्ट, जनरेटर, बाथरूम सगळं तयार. मग तिथं दुसरं काहीतरी येतं. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये बर्लिंग्टन, ते पण कॅनडाच्या सीमेजवळचंच गाव, तिथल्या हायस्कूलच्या इमारतीत विषारी रसायन सापडलं म्हणून २०२१ च्या मार्चमध्ये त्यांनी शाळा उचलून बंद पडलेल्या मेसीज स्टोअरमध्ये नेली, पोरं एस्केलेटरवरून वर्गात जायला लागली. ऑस्टिनमध्ये हायलँड मॉलचं कॉलेज झालं. नॅशविलमध्ये एका मॉलच्या वरच्या मजल्यावर युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलचे दवाखाने आले, खाली दुकानं आणि वर डॉक्टर.

आपल्याला हे नवीन नाही खरं तर. १८७७ च्या जुन्या मिलपासून अख्खं गाव भोंग्यावर उठायचं, गिरण्या गेल्या, जागा राहिल्या, आज त्या जागांवर काय काय झालंय ते येता-जाता बघतोच आपण. मॉलचं पण तेच होणार.

तर अर्धा रिकामा मॉल असेल तर गाळा घेताना कपड्याचा विचार सोडा आणि असा धंदा बघा ज्याला माणूस वेळ ठरवून येतो, फिरता फिरता नाही. डोळ्यांचा डॉक्टर, दातांचा दवाखाना, फिजिओ, नीट-सीईटीचे क्लास, अभ्यासिका, डान्स क्लास, बँकेचं ऑफिस. सीमेपलीकडचा माणूस स्वस्त शर्टासाठी आता येत नाही पण डॉक्टरसाठी सोलापूरला येतोच येतो, पूर्वीपासून येतोय, आणि त्याच्याबरोबर दोन नातेवाईक असतात ज्यांना चार तास काहीच काम नसतं. ते जेवतात, पोरांना काहीतरी घेतात, एखादी चादर घेतात. म्हणून मी मेहुण्याला सांगितलंय की एस्केलेटरसमोरचा गाळा सोड आणि विचार त्यांना की वरच्या मजल्यावर दवाखाने येणार आहेत का, येणार असतील तर लिफ्टच्या बाहेर, बाथरूमच्या बोळाच्या तोंडाशी जागा माग. सगळे ती जागा नाकारतात. मला विचाराल तर ती आजी तिथूनच आली असती.

गेमिंग झोन काढायचा विचार असेल तर आधी फायरची एनओसी स्वतःच्या डोळ्यानं बघा, झेरॉक्स नाही, आणि दुसरा जिना उघडतो का ते ढकलून बघा, तिथं पुठ्ठ्याची खोकी रचलेली असतात. राजकोटला मे २०२४ मध्ये गेम झोनच्या आगीत काय झालं ते सगळ्यांना माहितीये, त्यात पोरं होती.

सीमेवरच्या दुकानाच्या बारीकसारीक गोष्टी राहिल्या. पाटी मराठी आणि कन्नड दोन्हीत करा, मराठी मोठी, खाली कन्नड. कामाला निदान एक पोरगी अशी ठेवा जिला कन्नड येतं, आणि तेलुगू येत असेल तर सोन्याहून पिवळं, सोलापुरात अशी पोरगी शोधायला लागत नाही. 'एष्टु' (किती) विचारल्यावर त्याच भाषेत आकडा सांगितला की गिऱ्हाईक अर्ध बसतंच. कंपोझिशनमध्ये असाल तर राज्याबाहेर माल पाठवता येत नाही, म्हणजे दुकानात येऊन कुणी घेतलं ते वेगळं, पण विजयपूरच्या माणसानं व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर दिली आणि तुम्ही कुरिअर केलं तर ते नियमात बसत नाही, त्यासाठी रेग्युलर जीएसटी घ्या. पन्नास हजारांच्या वरचा माल गाडीत घालून राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याची ऑनलाइन काढायची पावती, हे विसरून एकानं झळकीच्या अलीकडं अख्खा दिवस घालवलाय. आणि परत करायच्या मालाची मुदत बाहेरगावच्याला पंधरा दिवस द्या, तीन दिवसांत तो परत येणार कसा.

बाहेर पडायची वेळ आलीच तर, आणि हे गाळा घेतानाच लिहून ठेवा. ताबा घेताना फरशी, छत, मीटर, शटर सगळ्याचे तारीख दिसेल असे फोटो काढा, कारण सोडताना त्यांना प्रत्येक भोक दिसतं आणि डिपॉझिटमधून कापतं. माझ्या फोकस लाइटच्या बारा भोकांचे पैसे कापले होते, आधीची किती होती ते दाखवायला माझ्याकडं काहीच नव्हतं. फर्निचर भिंतीला ठोकू नका, नट-बोल्टचं करा, माझं गेलं ते भंगारात, मेहुण्याचं तरी उचलून दुसरीकडं लावता येईल. नोटीस मेलवर पण द्या आणि कागदावर पण, पोच घ्या. किल्ली हातात देताना मीटरचं रीडिंग दोघांनी सही करून घ्या, सही झाल्याशिवाय किल्ली सोडू नका.